अंगठ्याने फोडलेली अंडी

बुधवारी संध्याकाळी नवऱ्याने डब्यातून चॉकलेटची दोन अंडी काढली, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

अंडी कसली, अंड्यांचे तुकडे. साध्या कागदात गुंडाळलेले. "फुटकी आहेत," बूट काढता काढता तो म्हणाला. "सुपरवायझरने दिली. ईस्टरला पोरांना होतील."

"कोणत्या सुपरवायझरने?"

"नवीन आलाय."

"आल्या आल्या दानधर्म सुरू?"

"तू पोलिसात असायला हवी होतीस," असं म्हणून तो जो मोरीत शिरला, तो बराच वेळ नळ सोडून हातपाय धूत राहिला. एरवी दोन तांब्यांत उरकणारा माणूस.

तो चॉकलेटच्या कारखान्यात साच्यांवर कामाला होता. फुटका माल तिथे परत वितळवायच्या कढईत जातो, कणसुद्धा फाटकाबाहेर जात नाही, हे तिला त्यानेच सांगितलं होतं. गेल्या वर्षी एकाच्या मोज्यात दोन वड्या सापडल्या, तर त्याला तिथल्या तिथे घरी पाठवलं. तेही जेवताना त्यानेच सांगितलं होतं, आणि नंतर उगाचच हसला होता.

यंदा विकतचं काही आणायचं नाही, असं दोघांचं ठरलं होतं. घरभाडं वाढलेलं, तिच्या शिकवणीतली दोन मुलं गळालेली. कोंबडीची अंडी उकडायची, बीटच्या पाण्यात आणि कांद्याच्या सालींत रंगवायची आणि रविवारी सकाळी घरात लपवायची. मुलांना तसं सांगितलं, तेव्हा सात वर्षांची मोठी म्हणाली, "चालेल, आई." इतक्या शहाण्यासारखं म्हणाली, की नवरा-बायको दोघांचेही घास तोंडातच राहिले. धाकटा तेवढा "चॉकलेट नाही?" म्हणून भोकाड पसरून मोकळा झाला.

गुरुवारी आणखी दोन आली. शुक्रवारी दोन. तिने सगळी पिठाच्या डब्यामागे दडवली. मुलांच्या नजरेला पडू नयेत म्हणून, आणि खरं सांगायचं तर आणखी कोणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून. शेजारीण साखर मागायला आली, तर हिने तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

शनिवारी तो कामाला गेल्यावर तिने तुकडे ताटात मांडले. कॉलेजात तिने तीन वर्षं भौतिकशास्त्र घेतलं होतं. त्याचा संसारात काय उपयोग, असं नणंदेने एकदा विचारलं होतं. तो आज झाला. साच्यातलं अंडं दोन अर्ध्यांचं जोडलेलं असतं, आपटलं तर सांध्यावर उकलणार. ही सहाच्या सहा पोटात खचली होती, एकाच जागी. तिने त्या खळग्यात आपला अंगठा ठेवून पाहिला. बसला, जरा सैलच बसला.

मग धुवायला काढलेली त्याची पँट झटकली, तर खिशातून चमचमता लाल कागद निघाला. सहा तुकडे, नखाने घासून सपाट केलेले. हा चमकीचा कागद तर शेवटी चढतो, धड मालावर! म्हणजे अंडी अख्खी होती, गुंडाळून तयार होती आणि याने ती मुद्दाम फोडली होती.

आज महिनाअखेरीची मालमोजणी. सहा अंडी कमी भरली, की बोट कोणाकडे जाणार? नोकरी गेली तर पुढच्या महिन्यात खायचं काय, ईस्टर राहिला बाजूला. तिने तुकडे पिशवीत भरले, धाकट्याला काखोटीला मारलं, मोठीचा हात धरला आणि तडक कारखाना गाठला.

मागच्या गल्लीत माल सुटायची खिडकी होती. खिडकीत चष्मा नाकावर घसरलेल्या पॅकिंगच्या मावशी बसल्या होत्या.

"मावशी, इथे कामगारांना फुटका माल मिळतो का हो?"

मावशींनी चष्म्यावरून तिला पायापासून केसापर्यंत न्याहाळलं. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सहज विचारलं."

"सहज? पिशवीत काय आहे?"

तिने पिशवी पाठीमागे नेली. आपणच नवऱ्याला खड्ड्यात ढकलतोय की काय, असं तिला वाटलं. पण धाकट्याला ना मालमोजणी ठाऊक, ना नोकरी. त्याने पिशवीत हात घालून एक तुकडा थेट मावशींपुढे धरला.

मावशींनी तो उलटासुलटा केला आणि एकदम खुदकन हसल्या. "अगं बाई! तू त्या साचेवाल्याची का?"

तिने धाकट्याचा हात पिशवीतून बाहेर ओढला.

"सहा घेतलीत त्याने. रविवारच्या सफाईला कोणी तयार होईना, पाच ते नऊ, ईस्टरच्या दिवशी. याने अंगावर घेतली, म्हणून साहेबांनी अंडी दिली, वहीत लिहून. पण रोज इथे उभा राहून कागद सोलतो आणि अंगठ्याने फोडतो! म्हटलं, अरे, डोकं फिरलंय का तुझं? तर म्हणतो, अख्खी नेली तर बायको विचारेल, पैसे कुठून आणलेस."

"विचारलंच असतं," ती पुटपुटली.

"मग? बरोबरच केलं की त्याने."

"ही परत घेऊन त्याची सफाई रद्द होईल का? सकाळी घरी असायला हवा हो तो. मुलं त्याच्याबरोबरच अंडी शोधतात."

"फोडलेला माल परत? आणि सफाईला मी उतरू होय, या गुडघ्यांनी?"

घरी येईपर्यंत तिने मुलांकडून तीनदा वदवून घेतलं, की बाबांना काही सांगायचं नाही.

संध्याकाळी तो भिंतीकडे बघत म्हणाला, "उद्या पहाटे जरा जावं लागणार. मशीन अडलंय."

"हो का?" ती म्हणाली. "नवीन सुपरवायझर बोलावतोय?"

"हं."

तिने पुढे एक अक्षर विचारलं नाही. ते मात्र त्याला खटकलं. जेवताना दोनदा त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

रविवारी साडेआठला ती मुलांना घेऊन त्या मागच्या गल्लीत उभी होती. मुलांना भिंतीकडे तोंड करून डोळे मिटायला लावले आणि चॉकलेटच्या तुकड्यांच्या पुड्या लपवल्या: पायरीखाली, पाण्याच्या पाइपामागे, रिकाम्या खोक्यांत. उकडलेली लाल अंडीही मधेमधे ठेवली. एक कुत्रं रेंगाळत होतं, त्याच्यावर तिची करडी नजर होती. शेवटची पुडी तिने कारखान्याच्या मागच्या फाटकाच्या कडीत अडकवली.

नऊ वाजता फाटक उघडलं. पुडी त्याच्या पायाशी पडली. गुडघ्यापर्यंत भिजलेली पँट, हातात खराटा. बायको-मुलांना बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू इथे? कोणी सांगितलं तुला?"

"बाबा, त्याला हात नको लावू, ते आम्ही शोधायचंय!" मोठी ओरडली आणि त्याच्या पायांत वाकली.

"मी विचारतोय, कोणी सांगितलं?"

"कशाबद्दल?" ती म्हणाली. "मशीन झालं का सुरू?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, मागे वळून मावशींच्या बंद खिडकीकडेही पाहिलं. तीन दिवस ती झुरली होती. त्याला निदान चर्चपर्यंत झुरू द्यायला काय हरकत होती? तिने त्याच्या हातातून खराटा काढून भिंतीला टेकवला.

"खोक्यांत बघ," ती म्हणाली. "धाकट्याचा हात वर पोचत नाही."