आडवी रेघ

मित्रांनो, मी एक जुना प्लॉटर आहे. नाव परकं वाटलं तरी माझं काम साधं आहे. माझ्या लांब टेबलावर कागद पसरतात. एक दांडी त्या टेबलावर पुढे-मागे सरकते, दांडीवरून पेन आडवं धावतं आणि मी शर्टाची पाठ, बाही, कॉलर पूर्ण मापात आखून देतो. तो कागद कापडाच्या थरांवर ठेवून कटिंग मास्तर कात्री चालवतात.

मी कुठे घडलो ते मला धड आठवत नाही. माझं आयुष्य सुरू झालं ते आनेकलला, मल्लाप्पांच्या शिलाई कारखान्यात. तिथे शाळेचे गणवेश शिवतात. तिथले कटिंग मास्तर बसवंत, मूळचे निपाणीकडचे. पूर्वी ते खडूने आखायचे. पुढे त्यांच्या हाताला कंप सुटला, चहाचा कप बशीत वाजू लागला, म्हणून मला आणलं गेलं. खरं तर त्यांनी माझा रागराग करायला हवा होता. पण ते रोज माझी दांडी पुसायचे, तेल द्यायचे आणि म्हणायचे, “रेघ तू मार बाबा, कापायचं मी बघतो.” कात्री धरली की त्यांचा हात स्थिर व्हायचा. आमचं दोघांचं मिळून छान चाललं होतं. लोक कौतुकही करायचे, अर्थात त्यांचं. मी आपला ते कौतुक शेजारी उभा राहून ऐकायचो.

गेल्या वर्षी कारखाना शेजारच्या मोठ्या शेडमध्ये गेला. टेम्पोतून उतरवताना माझा कोपरा उंबऱ्यावर आपटला आणि दांडी किंचित कलली. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही, इतकीच. पण नवे शर्ट अंगावर एका बाजूला ओढले जाऊ लागले. शाळेने गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवले.

मल्लाप्पांनी महादेवपुऱ्याहून अजिंक्यला बोलावलं. तो मूळचा पुण्याचा, माझ्यासारख्या यंत्रांची दुरुस्ती करणारा इंजिनिअर. त्याने मला टेबलाच्या लांबीत शंभर सेंटीमीटरची रेघ मारायला सांगितली. मी बरोबर शंभरची मारली. मग त्याच दिशेने दोनशेची. तीही बरोबर आली. कापडवाल्यांच्या टेबलावर टेप चिकटवलेली असते ती लांबीच्याच कडेला, त्यामुळे माप पटकन मिळालं. “काका, मशीन एकदम परफेक्ट आहे,” तो मल्लाप्पांना म्हणाला आणि निघून गेला.

मित्रांनो, तेव्हा मला ओरडावंसं वाटलं. पण मला तोंड नाही, नुसतं पेन आहे, आणि तेही सांगाल तिकडेच जातं.

यंत्र बरोबर म्हटल्यावर सगळ्यांनी बसवंत मास्तरांच्या हाताकडे पाहिलं. “मास्तर, स्वल्प दिवस घरी बसा,” मल्लाप्पा मान खाली घालून म्हणाले. सगळ्यात वाईट म्हणजे मास्तरांना स्वतःलाही ते पटलं. त्यांनी कात्री फडक्यात गुंडाळून ठेवून दिली. त्यानंतर मला कुणी तेल दिलं नाही. माझ्यावर कापडाचे तुकडे साचले. कापायला मास्तरच नाहीत म्हणून शेवटी मला विकायला काढलं.

एक दिवस त्यांची मुलगी शिवलीला कात्री घरी न्यायला वडिलांबरोबर आली. ती येलहंक्याच्या कॉलेजात गणित शिकवते. अजिंक्य तेव्हा मला विकण्याआधीची शेवटची तपासणी करत होता.

“तपासताना रेघा कोणत्या मारल्या होत्या?” तिने विचारलं.

“शंभर आणि दोनशे. दोन्ही लांबीत.”

“मग दुसरीने नवीन काय सांगितलं? पहिलीचीच दुप्पट ती. मशीनची मॅट्रिक्स, म्हणजे सांगितलेली रेघ खरी कुठे पोचते त्याचा तक्ता, काढायचा तर दोन वेगळ्या दिशा लागतात. आडवी घ्या.”

“सोड गं बाई,” मास्तर म्हणाले. “हातच ऐकंना झालाय माझा.”

अजिंक्यने आडवी शंभरची रेघ दिली. पेन शंभर आडवं गेलं खरं, पण लांबीच्या दिशेने दोन सेंटीमीटर पुढे जाऊन टेकलं. शिवलीलाने माझ्यावरच्याच कागदावर दर सेंटीमीटरमागचे आकडे मांडले. पहिल्या स्तंभात एक आणि शून्य, दुसऱ्यात शून्य पूर्णांक दोन शतांश आणि एक. चार आकड्यांत माझं सगळं दुखणं आलं.

“आता पन्नास लांबीत, पन्नास आडवं जायला सांगा,” ती म्हणाली. “टोक एक्कावन्न आणि पन्नासवर येईल.” तिने तिथे आधीच ठिपका काढून ठेवला. माझं पेन नेमकं त्या ठिपक्यावर थांबलं.

अजिंक्यचा चेहरा उतरला. “सॉरी काका, मी एकाच बाजूने बघितलं,” तो मास्तरांना म्हणाला. त्याने त्या आकड्यांची उलट मॅट्रिक्स, म्हणजे चूक आधीच वजा करणारा तक्ता, काढून मला दिली आणि माझे चौकोन पुन्हा चौकोन झाले. मल्लाप्पांनी स्वतः कात्रीचं फडकं सोडलं.

मित्रांनो, माझी दांडी पुसत जा, हलवताना मला जपा, एवढं तर मी मागेनच. पण एखाद्याला दोषी ठरवण्याआधी एक आडवी रेघही मारून बघा. तेच तेच दुपटीने विचारून नवं काही कळत नाही.

मास्तर कामावर परतले. मला वाटलं, सगळं पहिल्यासारखं होईल. पण आता कागद कापडावर ठेवला की ते डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरतात आणि पहिला काप घालण्याआधी मल्लाप्पांकडे बघतात. पूर्वी ते कधीच कुणाकडे बघत नसत.