वीतभर माती

मधुराने लोखंडी पट्टी वाफ्यात खुपसली, आकडा वाचला आणि एक पाऊल सरकून पुन्हा खुपसली. तोच आकडा आला. काठाच्या दगडापासून माती चांगली वीतभर खाली गेली होती.

"दोन वर्षांत एकवीस सेंटिमीटर," ती म्हणाली. "पाय फुटले का मातीला?"

नसरुद्दीनने खांद्यावरची पाइपाची गुंडाळी खाली ठेवली. लुसैलमधल्या या बागेचा तो सुपरवायझर. मूळचा गुहागरकडचा, पंधरा वर्षं कतारमध्ये काढलेला. तो पट्टीकडे बघत उभा राहिला. त्याचं हे ठोंब्यासारखं उभं राहणं मधुराच्या डोक्यात जाई. तशी तिच्या डोक्यात पुष्कळच माणसं जात. ऑफिसात बसून बागेच्या गप्पा मारणारा तिचा मॅनेजर वरुण, ज्याला हिरवळ आणि कोथिंबीर यांतला फरक कळला असता तर नशीब. झाडांपुढे फोटो काढून घेणारे पाहुणे. आणि ही सगळी पाणी मारणारी फौज.

वरुणने सकाळीच निकाल देऊन टाकला होता. वाफ्यांत भरलेलं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाची काळी माती, महागाचं. थंड मुलखातल्या दलदलींतून उपसून, गोण्यांत दाबून, बोटीने आणलेलं. ते कमी झालंय म्हणजे कुणीतरी अल रय्यानच्या रोपवाटिकांना विकलंय. सुपरवायझरला घरी पाठवा, खलास. मधुराने मापं घेऊन फॉर्मवर सही करायची, एवढंच उरलं होतं.

"आणि त्या ओहोळाचं काय?" बागेतून फिरवलेल्या कृत्रिम प्रवाहाकडे तिने पट्टी रोखली. "पाणी बघा. तुमची माणसं भांडी धुतात का त्यात?"

"केबिनमध्ये या मॅडम," नसरुद्दीन म्हणाला. "दाखवतो."

केबिनच्या टेबलावर तिचा रिपोर्ट पसरलेला होता. बागेच्या मातीत किती टन कार्बन साठवून ठेवला आहे, तो आकडा पहिल्याच पानावर ठळक छापलेला. त्या आकड्यावर बाग एका मोठ्या पुरस्काराच्या यादीत पोचली होती आणि मधुराचं बढतीचं पत्र तयार होतं. नसरुद्दीनने पानांशेजारी काचेचा ग्लास ठेवला. आतलं ओहोळाचं पाणी तपकिरी, पण नितळ होतं.

"चार वेळा गाळलं. घाण नाही. रंगच आहे. सुलेमानी चहासारखा."

"मग?"

"ट्रेनिंगला तुम्ही फोटो दाखवलेलात. परदेशातल्या डोंगरातला ओढा, असाच. तुम्ही बोललेलात, तिथे पीट हजारो वर्षं पाण्यात भिजत पडून राहतं, म्हणून कुजत नाही. त्याच्यातला कार्बन त्याच्यातच राहतो. थोडा पाण्यात उतरतो, त्याचा हा रंग. आणि उपसून उन्हात टाकलं की बाकीचा हळूहळू हवेत जातो." तो थांबला. "इथे पन्नास डिग्री असते मॅडम. कोण चोरणार?"

मधुराला ते ट्रेनिंग आठवलं. पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस माणसं पेंगत होती. दगडांपुढे बोलतेय, असं तिने तेव्हा वरुणला हसत सांगितलं होतं.

तिने ग्लासाकडे पाहिलं, मग पानावरच्या आकड्याकडे. गणित फार अवघड नव्हतं. माती वीतभर हवेत गेली असेल, तर आकडाही तिच्याबरोबर गेला होता. साठवण कसली? दलदलीत सुखाने पडलेला कार्बन त्यांनी इथवर आणून सोडून दिला होता. तिचे कान तापले. या माणसाला हे आजच आठवायचं होतं?

फोन वाजला.

"यल्ला मधुरा, आटप लवकर, चारला रिपोर्ट जायला हवा," वरुण म्हणाला. "त्या सुपरवायझरचं झालं का?"

"होतंय."

तिने फॉर्म पुढे ओढला. नसरुद्दीनची मुलगी नूरैन बारावीला होती, बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. हे मधुराला माहीत होतं. माहीत असल्याबद्दल तिला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

"हे बघा, चोरी लिहीत नाही मी," ती म्हणाली. "निष्काळजीपणा लिहिते. तिकडे उत्तरेला, अल रुवैसच्या साइटवर बदली होईल. व्हिसा राहील. नूरैनची परीक्षाही पार पडेल."

"आणि माती कुठे गेली, ते?"

"त्यासाठी यात रकाना नाही."

नसरुद्दीनने फॉर्म सावकाश, शेवटपर्यंत वाचला. मग सही केली आणि पेन टोपण लावून परत दिलं.

"मी पोरांना सांगत होतो, मॅडम विसरल्या असतील," तो म्हणाला. "शिकलेली माणसं, डोक्यात शंभर गोष्टी. आठवण करून दिली की लिहितील बरोबर."

त्याने तिच्याकडे पाहिलं. रागावून नव्हे. वाफ्यातलं जळलेलं रोप उपटावं की राहू द्यावं, हे ठरवताना तो जसा बघे, तसं. मग टोपी घालून बाहेर पडला. एरवी तिच्या चहाचं विचारल्याशिवाय तो कधी जात नसे.

आकडा होता तसाच ठेवून मधुराने चारच्या आत रिपोर्ट पाठवला. नंतर टेबलावरचा तो ग्लास उचलून न्यायला तिने बाहेर हाक मारली. खिडकीबाहेर सातआठ जण पाणी मारत होते. तिने पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने.

कुणी आलं नाही.