नळीला मानवणारा छर्रा

पहिलं कबूतर पडलंच नाही. छर्रा लागला, दोनचार पिसं भिरभिरत खाली आली आणि कबूतर तसंच फडफडत पलीकडे छपराला आधार देणाऱ्या लोखंडी कैचीवर जाऊन बसलं. त्याचा एक पंख लोंबत होता.

बंदूक हातात घेऊन गोदामपाल खाली उभा राहिला. त्याला सगळे तराजू म्हणत. धान्य-पीठ तोलायचं त्याचं कामच होतं म्हणून नव्हे, तर चहा घ्यायचा की नाही हेसुद्धा तो दोन्ही बाजू तोलून ठरवायचा म्हणून. आता मात्र त्याला काही सुचेना. त्याने पुन्हा नेम धरला. छर्रा कबुतराच्या वीतभर बाजूने गेला. तिसरा कुठे गेला ते कळलंही नाही. त्याने बंदूक पोत्यांवर आडवी ठेवली आणि हात पॅन्टला पुसले.

ते बिस्किटांच्या कारखान्याचं पिठाचं गोदाम होतं. छपराखालची फाटकी जाळी बदलायला उशीर झाला, तोवर कबुतरांनी आत बस्तान बसवलं होतं. नवी जाळी बसली, पण आतली कबुतरं आतच राहिली. दारं सताड उघडी ठेवून झाली, डबे बडवून झाले. पक्षी धरणारा माणूस बोलावला, तर तो निम्म्या शिडीवरूनच उतरला आणि म्हणाला, एवढ्या उंचावर आपलं काही चालायचं नाही. पोत्यांवर रोज घाण पडत होती. अशातच बिस्किटाच्या एका पुड्यात पीस निघालं. ते पीस घेऊन एक बाई थेट कारखान्याच्या दारात आली, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी तराजूच्या टेबलावर छऱ्याची बंदूक ठेवली.

"तुमच्यावर सोपवतोय," साहेब म्हणाले. "तुम्ही उतावीळ नाही म्हणून."

पहिलं कबूतर जखमी झालं त्या रात्री घरी तो जेवायला बसला, पण हात ताटातच राहिला.

"अहो, भिंतीकडे काय बघताय?" बायकोने विचारलं.

त्याने सांगितलं. 

"जिवंत आहे अजून?"

"आहे. खाली उतरत नाही. पाणीसुद्धा पीत नाही."

"मग असं अर्धवट टाकून कसं चालेल? दादाला विचारा. त्याने उगाच का एवढी वर्षं नेमबाजी केली."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तरुणपणी स्पर्धांत उतरायचा, आता शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. सकाळी तराजू बंदूक घेऊन त्याच्या दुकानात गेला. दादाने हातातलं यंत्र बाजूला सारलं आणि छऱ्यांची डबी उघडून पाहिली.

"हे कुणी दिले?"

"दुकानदाराने. म्हणाला, टोकदार घ्या, आत घुसतात."

"टोक बघून छर्रा घेणं म्हणजे मिशी बघून जावई करणं," दादा म्हणाला. "आमचं नशीब चांगलं, तुम्हाला मिशीच नव्हती."

तराजू हसला नाही. दादानेही मग थट्टा आवरली. दुकानामागे लांबोडकी पत्र्याची पडवी होती. तिच्या टोकाला त्याने जुन्या चिंध्यांनी गच्च भरलेली पेटी ठेवली, तिच्यावर ठिपका काढलेला कागद लावला. कैची जमिनीपासून किती उंच आहे ते विचारून तेवढ्याच अंतरावर टेबल मांडलं आणि टेबलावर वाळूची पिशवी. मग कपाटातून चारपाच डब्या काढल्या.

"यातला भारीतला कोणता?" तराजूने विचारलं.

"नळीला किंमत वाचता येत नाही, जावईबापू. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघालेल्या दोन बंदुका घ्या. एकीला जो छर्रा मानवतो तो दुसरीला मानवेलच असं नाही. तिला काय आवडतं ते तिलाच विचारायचं."

विचारायची रीत अशी होती. बंदूक पिशवीवर निवांत टेकवायची, खांद्याने दाबायची नाही. छर्रा बदलला की पहिले काही नुसतेच मारायचे, नळीला नवी चव कळू द्यायची. मग कागद बदलून त्याच एका ठिपक्यावर मारत राहायचं आणि भोकं किती जवळजवळ पडतात ते बघायचं. ठिपक्यावर लागलं की नाही याची आधी फिकीर करायची नाही. भोकांचा झुपका एकत्र पडला तर नेम नंतर फिरवता येतो. भोकंच विखुरली तर देवालाही काही करता येत नाही.

टोकदार छऱ्यांनी कागदाची चाळण केली. चपट्या डोक्याचे पडवीच्या मध्यापर्यंत शहाण्यासारखे गेले, शेवटाला भरकटले. गोल डोक्याचे जड छर्रे एकाखाली एक उतरत गेले. बंदुकीच्या स्प्रिंगला ते ओझं पेलत नव्हतं. उरले गोल डोक्याचे हलके. त्यांच्याही दोन डब्या होत्या. वरचं नाव एकच, फक्त एकीतल्या छऱ्यांचं डोकं केसभर मोठं. दादाने ते काचेवर लोळवायला लावले. ज्यांचा खालचा घेर चेपलेला होता ते वेडेवाकडे लोळले, ते त्याने वेगळे काढले.

मोठ्या डोक्याचा छर्रा अंगठ्याने नळीत बसवताना किंचित अडला, मग घट्ट बसला. तराजूने मारला. पुन्हा मारला. मारत राहिला. कागद आणून बघितला तर भोकं एकमेकांत मिसळून एकच फाटकं भोक झालं होतं, शर्टाच्या गुंडीखाली झाकेल एवढं. तराजू त्याच्याकडे बघत राहिला. आयुष्यात त्याच्या हातून इतकं नेटकं काही झालं नव्हतं.

"आता चूक झाली तर ती तुमची," दादा म्हणाला. "छऱ्याची नाही, बंदुकीची नाही."

त्याच दुपारी त्याने गोदामात पोत्यांची थप्पी रचून त्यावर बंदूक टेकवली. लोंबत्या पंखाचं कबूतर कैचीच्या कोपऱ्यात फुगून बसलं होतं. छर्रा सुटला आणि ते सरळ खाली आलं. फडफड नाही, काही नाही. तराजूचे डोळे भरून आले. सुटलं एकदाचं, असं त्याला वाटलं. कुंपणाच्या भिंतीमागे खड्डा करून त्याने ते पुरलं.

मग बाकीची. एकेक, न चुकता. एकही पुन्हा तडफडलं नाही. कामगार म्हणाले, तराजू बरोब्बर तोलतो. हळूहळू तो वेळेआधीच कामावर जायला लागला. घरी जेवणाच्या टेबलावर काच ठेवून छर्रे लोळवायचा, चेपलेले वेगळे काढायचा, आणि ते करताना गुणगुणायचा. एरवी हा माणूस कधी गुणगुणत नसे.

एक दिवस तो डबा विसरला म्हणून बायको डबा घेऊन आली. ती दारातून आत आली तेव्हा त्याने नुकताच बार काढला होता. पार टोकाच्या कैचीवरून एक कबूतर खाली आलं. तो वळला.

"बघितलंस? त्या टोकाचं होतं."

ती डोक्यावरच्या कैचीकडे बघत होती. तिथे दोन कबुतरं बसली होती, अगदी हाताशी.

"ही सोडून ते का?" तिने विचारलं.

त्याने मान वर करून बघितलं. तिने डबा पोत्यावर ठेवला.

"आपली लेक परीक्षेत पहिली आली ना, तेव्हा तुमचा चेहरा असा झाला होता," ती म्हणाली आणि निघून गेली.

तो दिवसभर बंदुकीला शिवला नाही. संध्याकाळी साहेबांकडे जाऊन ती परत केली. साहेबांनी कारण विचारलं, हे काम दुसऱ्याला द्या, एवढंच तो म्हणाला. साहेब काही वाईट माणूस नव्हते. ठीक आहे, जबरदस्ती नाही, म्हणाले आणि बंदूक वॉचमनला दिली.

वॉचमनला हौस फार. त्याने टेबलावर पडलेली टोकदार छऱ्यांची डबी उचलली आणि उभ्या उभ्याच मारायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पिठाच्या पोत्यांमध्ये एक कबूतर गोल गोल फिरत होतं. त्याचा एक डोळा गेला होता. हमाल त्याला ओलांडून जात होते.

तराजूने आपली डबी वॉचमनपुढे धरली. "हे वापर. आणि टेकवून मार."

"छर्रा तो छर्रा, भाऊ. लागतंय ना? लागलं की झालं."

"लागतंय, पण मरत नाहीये."

"मरेल की. जातंय कुठे?"

गोल फिरणाऱ्या कबुतराला तराजूने स्वतःच्या हाताने मान मुरगळून सोडवलं. मग तो साहेबांकडे गेला आणि बंदूक परत मागितली.

घरी त्याने हे बायकोला सांगितलं. ती कपडे घडी घालत होती.

"आवडायला लागलं म्हणूनच सोडलंत ना?"

"म्हणूनच. पण मी सोडल्यावर काय झालं ते मी बघितलं. सांग, काय करू?"

"मला नका विचारू," ती म्हणाली. "दादाकडे मीच पाठवलं तुम्हाला. माझ्या वाटणीचं पाप माझ्याकडे आहे."

त्याने काम पुरं केलं. यावेळी जवळचं आधी, लांबचं नंतर. त्याने मनाशी ठरवलं होतं की आता नुसतं काम समजून करायचं, बाकी काही वाटू द्यायचं नाही. पण प्रत्येक वेळी, कबूतर सरळ खाली आलं की छातीत ते बारीकसं सुख उमलायचंच. तो दात आवळायचा, तरी उमलायचं. एकदा त्याने मुद्दाम डोळे मिटून घेतले. उपयोग झाला नाही. छर्रा कुठे लागला ते हाताला कळलंच होतं.

शेवटी एकच उरलं. त्याच्यासाठी त्याने सगळी दारं उघडली, दिवे घालवले, आणि बाहेर पायरीवर दुपारभर बसून राहिला. ते बाहेर आलं नाही. तिन्हीसांजेला तो बंदूक उचलून आत गेला.

पिसाच्या तक्रारीवरून तपासणीला आलेल्या माणसांनी गोदाम बघून समाधान व्यक्त केलं. साहेबांनी तराजूला बिस्किटांचा मोठा डबा दिला. तो त्याने हमालांत वाटून टाकला.

पुढे एकदा दोघं दादाकडे गेले होते तेव्हा दादा म्हणाला, "हात चांगला बसलाय तुमचा. सुट्टीच्या दिवशी येत जा की पडवीत, कागदावर मारू."

"नको दादा."

दादाने त्याच्याकडे नीट बघितलं आणि विषय बदलला.

त्या दिवशी तिथून नवराबायको चालतच घरी निघाले. रस्त्यापलीकडच्या विजेच्या तारेवर कबुतरं ओळीने बसली होती. बायको लेकीच्या पत्राबद्दल काहीतरी सांगत होती. तो हूं हूं करत होता, आणि मध्येच त्याचा हुंकार थांबला. पाय थांबले नव्हते, पण मान वर गेली होती आणि डावा डोळा किंचित मिटला होता. तारेपर्यंतचं अंतर आपण मोजतो आहोत, हे त्याला उशिरा कळलं.

बायकोच्या लक्षात आलं होतं. तिने बोलणं थांबवलं नाही. फक्त त्याचं कोपर धरलं आणि घराचं वळण येईपर्यंत सोडलं नाही.