मी डाव्या हाताची गिटार

"एक डावरा गेला, आता दुसरी डावरी घरात आली. देवाच्या मनात तरी काय आहे, कळत नाही बाई."

वत्सलाबाई स्वयंपाकघरात आपल्या नणंदेला, नवसाआत्यांना, हे सांगत होत्या. आवाज दबका होता; पण इंदिरानगरातल्या या घराच्या भिंती फार पातळ. पलीकडच्या खोलीत नवी सून तृप्ती धूळ झटकत होती. तिने ऐकलं. कपाटावर चादरीत गुंडाळलेली मी होते. मीही ऐकलं. दुसरी डावरी म्हणजे तृप्ती. आणि गेलेला डावरा म्हणजे ज्याने मला घडवलं तो.

मी एक गिटार. विजेवर वाजणारी, डाव्या हाताची. दुकानात टांगलेल्या माझ्या बहिणी एका साच्यातून निघतात. माझा एकेक भाग मात्र शोधून, पारखून आणला गेला. मुलीला स्थळ पाहावं तसा.

शोधणारा धनराज, वत्सलाबाईंचा थोरला मुलगा. नव्वदच्या दशकात गणपती-नवरात्रात तो ऑर्केस्ट्रात वाजवायचा. डाव्या हाताची गिटार तेव्हा नाशकात त्याला कुठे मिळाली नाही. दुसऱ्याची गिटार तो उलटी धरायचा. मग आवाजाची बटणं त्याच्या कोपराखाली यायची. गाणं रंगात आलं की कोपर लागायचं आणि आवाज गुडुप. लोक हसायचे, तोही हसायचा. पण घरी आल्यावर हसायचा नाही. शेवटी त्याने ठरवलं, आपली आपणच करायची.

लाकडापासून वाद सुरू झाला. धनराजचे वडील, अप्पा, ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. मजबुतीवर त्यांचा फार विश्वास.

"सागवान घे," ते म्हणाले. "नातवंडं वाजवतील."

"वाजवतील हो, पण गळ्यात कसं अडकवायचं? दरवाजा आहे का तो?"

मग पेठच्या बाजूचं शिवणीचं लाकूड आलं, हलकं आणि फिकट पिवळं. वखारीत धनराज प्रत्येक फळीवर बोट वाजवून कान लावत होता. वखारवाला वैतागून म्हणाला, "लाकूड घेतोय की नारळ?" त्या नारळांतला एक मी.

मान मुंबईहून आली, एका मोडक्या गिटारीची. एक डोळा मिटून तिच्यावरून नजर टाकत त्याने ती सरळ आहे ना, ते चारचारदा पाहिलं. मानेच्या टोकाला तारा बसवायची हाडाची पट्टी असते. तिच्या खाचा त्याने स्वतः घासल्या, जाड तारेची खाच बारीक तारेच्या जागी, बारीक तारेची जाड तारेच्या जागी. तारा खालच्या बाजूला जिच्यावर टेकतात ती घोडी पितळेची, ती अप्पांनी घरीच कानशीने घडवली. तारांची थरथर उचलणारे चुंबकाचे पिकअप निवडताना मात्र त्याने सगळ्यांचा अंत पाहिला. नवा चकचकीत होता तो परत केला आणि कुणाचा तरी जुना, पिवळा पडलेला आणला. म्हणाला, "हा ओरडत नाही. सांगतो."

बटणांची भोकं पाडायचं काम अप्पांकडे. त्यांनी नेम धरला, ड्रिल चालवलं, आणि धनराज ओरडला, "अप्पा! उजव्या हाताचं केलंत!"

अप्पांनी पाहिलं. भोकं नीटनेटकी, अगदी मापात होती, फक्त चुकीच्या बाजूला. "जन्म गेला रे उजव्या हाताच्या माणसांसाठी भोकं पाडण्यात," ते म्हणाले आणि मुकाट्याने लाकडाच्या खुंट्या घासायला बसले. भोकं बुजली, वर पॉलिश चढलं. हात फिरवला तर अजून कळतात.

वत्सलाबाई जाता-येता बघायच्या. "उलथनं दाखवून दाखवून याला उजव्या हाताने जेवायला शिकवलं मी. आता बापलेक मिळून उलटी वस्तू करा!" पण गरम भजी आधी आमच्या पसाऱ्यातच यायची.

मी दोन नवरात्रं वाजले. मग धनराजला कावीळ झाली, आणि दवाखान्यातून तो घरी आला नाही.

त्या दिवसापासून मी चादरीत. पाहुणे कधी उचलायचे, मांडीवर घ्यायचे, कपाळाला आठी घालायचे. "उलटी आहे वाटतं." धाकट्या मयूरनेही एकदा प्रयत्न केला आणि डोळे पुसून ठेवून दिलं.

दोन हजार तीन साली मयूरचं लग्न झालं. तृप्ती मखमलाबादकडची. वडील बहिरू झेंडू-शेवंती पिकवतात. मळ्यात बसून ती डाव्या हाताने हार ओवायची आणि तिथे हाताचा प्रश्न कुणी काढला नव्हता; हार वेळेत बाजारात पोहोचला म्हणजे झालं.

सासूचं ते 'दुसरी डावरी' ऐकल्यावर मात्र ती उजव्या हाताने वाढू लागली. पहिल्याच दिवशी पाहुण्याच्या पांढऱ्या लेंग्यावर आमटी. "नवीन आहे," सगळे म्हणाले. नवीन असणं सोयीचं असतं, पण ती सोय फार दिवस पुरत नाही.

एका दुपारी घर झोपलेलं असताना तिने मला पुसण्यासाठी खाली घेतलं. मांडीवर ठेवलं. तिचा डावा हात आपसूक तारांवर आला, उजवा मानेभोवती. तिने मला फिरवून बघितलं नाही, कपाळाला आठी घातली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी कुणाच्या मांडीवर सरळ बसले.

त्यानंतर रोज दुपारी थोडा वेळ. वायर नाही, वीज नाही. विजेशिवाय मी फार हळू बोलते. तीही या घरात तेवढंच बोलत होती. आमचं जमलं.

आणि मग गोटीराम आला. धनराजच्या ऑर्केस्ट्रातलाच, वाद्यं दुरुस्त करणारा. मला न्यायला वत्सलाबाईंनीच त्याला बोलावलं होतं.

आज मी हॉलमध्ये सतरंजीवर आहे. तारा काढून झाल्यात. गोटीरामने पॉलिशवर हात फिरवला आणि बुजलेली भोकं त्याला लगेच सापडली.

"अप्पा, तुम्ही तर माझं निम्मं काम करून ठेवलंय. ही उघडतो, बटणं इकडे घेतो, वरची पट्टी बदलतो. झाली सरळ! मग कुणीपण वाजवेल."

अप्पा खिडकीबाहेर बघताहेत. मयूर म्हणतो, "आई, राहू दे ना तशीच."

"तशीच ठेवून काय करू?" वत्सलाबाईंचा आवाज फाटतो. "रोज कपाटावर मढ्यासारखी बघू? वाजू दे कुठेतरी. पण सरळ करून वाजू दे. ते उलटेपण लागलं माझ्या लेकराला."

त्यांचा राग नाही मला. ज्या हाताला त्या उलथनं दाखवत होत्या, तोच हात शेवटी दवाखान्यात धरून बसल्या होत्या. हे मला अप्पांच्या बोलण्यातून कळलंय. भीती कुणाला तरी दोष देऊ पाहते, आणि मी समोरच होते.

गोटीराम ड्रिलला पातं लावतोय. तुम्ही वाचणाऱ्यांकडे माझं मागणं मोठं नाही. मला मखरात बसवू नका, फोटोशेजारी टांगू नका. एखादी वस्तू हातात बसली नाही, तर तिला कापण्याआधी घरातले सगळे हात एकदा बघून घ्या. मला बोलता येत नाही. वाजवलं तरच आवाज.

तृप्ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी आहे. तिने तो खाली ठेवला. कुणाला कप दिला नाही. सरळ येऊन सतरंजीवर बसली आणि मला उचलून मांडीवर घेतलं. डावा हात बरोब्बर तारांच्या जागी आला. वत्सलाबाईंनी त्या हाताकडे बघितलं; धनराजही मला असाच धरायचा.

मग ती बोलली. सगळ्यांना ऐकू येईल असं.

"आई, नैवेद्य मी उजव्या हाताने दाखवेन. कधीच चुकणार नाही. पण बाकी सगळं मला याच हाताने येतं, आणि लपवून लपवून दमले मी. गोटीरामभाऊ, भोकं पाडू नका. तारा परत चढवा. अजून नीट येत नाही मला, पण हिला मी वाजवणार आहे."