कॅनमधलं पाणी

आठव्या बाटलीतलं मिश्रणही फाटलं, तेव्हा रत्नमालाला रडू आलं नाही. नुसता संताप आला. कपाशीवर फवारायचं निंबोळीचं तेल पाण्यात असं एकजीव करायचं, की तीन महिने वेगळं होता कामा नये, एवढंच तिच्या पीएचडीचं म्हणणं. आधी जमलं होतं. दिवाळीपासून मात्र पंधरा दिवसांत तेल वर, पाणी खाली. सर म्हणाले, "तुझा हातच साफ नाही." मार्च सरला होता आणि जुलैअखेर प्रबंध द्यायची शेवटची मुदत. नाहीतर पाच वर्षं मातीत.

तिनं तेल बदललं, घुसळायचा वेग बदलला, बाटल्या उकळल्या. राहिलं पाणी. कॅनवर तर ठसठशीत 'डिस्टिल्ड वॉटर' लिहिलेलं. वैतागून तिनं त्यात साबण कालवला, तर फेसच येईना.

"कडुबा!"

वीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळणारे कडुबा हात पुसत आले.

"हे पाणी कुठलं?"

"टँकरचं. फडक्यानं गाळलंय की."

"अहो, डिस्टिल्डचं यंत्र आहे ना!"

"ते एका कॅनापायी वीस कॅन पाणी गटारीत सोडतं, म्याडम. इथं नळाला आठ दिसाला पाणी. आमच्या कन्नड तालुक्यात बाया टँकरमागं पळत्यात. नाय बघवलं. दिवाळीपासून बंदच केलं."

"मला सांगायचं तरी! पाच महिने गेले माझे! असल्या क्षाराच्या पाण्यात फाटणार नाही तर काय?"

"चुकलंच," कडुबा ओशाळून म्हणाले. दारापाशी मात्र थांबले. "पर म्याडम, शेतकरी फवाऱ्यात कोणतं पाणी टाकणार हाय?"

रत्नमालानं फेस न आलेल्या त्या पाण्याकडे पुन्हा पाहिलं. गंगापूरला मामाच्या बोअरवर ती लहानपणी कपडे धुवायची. तिथंही साबणाला कधी फेस आला नव्हता.

विकतचं डिस्टिल्ड पाणी आणलं असतं, तर जुलैत प्रबंध बिनबोभाट सादर झाला असता. सरांनी हसत सही केली असती. तिला कडुबांचा राग आला, सरांचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. पाच वर्षांत हा प्रश्न तिला एकदाही पडू नये?

बाटली तीन महिने उभी ठेवायची, म्हणजे नवं मिश्रण जमवायला हातात एकच महिना. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"कडुबा, कॅन भरून आणा."

"यंत्र लावू?"

"नको. टँकरचंच आणा. आणि त्याच्यावरचं ते नाव आधी खोडा."