पोर्चात गाडी ऐकू येत नाही

या, सामान ठेवा खाली. मी लखनौचं चारबाग स्टेशन बोलतोय.

१९१४ साली माझा पाया घातला आणि विसाच्या दशकात मी लाल-पांढऱ्या अंगाने, घुमट मिरवत उभा राहिलो. वरून म्हणे बुद्धिबळाचा पट मांडल्यासारखा दिसतो. मी काही वर जाऊन पाहिलेलं नाही. शेजारच्या स्टेशनचे रूळ पूर्वी अरुंद, म्हणून ते छोटी लाइन; ते रूळ कधीच रुंद झाले, तरी रिक्षावाल्यांच्या तोंडी ते छोटंच आणि मी बडी लाइन. मी दुरुस्त करायला जात नाही. आता समोर मेट्रोही आली. एका अंगाला आलमबाग आणि विमानतळ, दुसऱ्या अंगाला हजरतगंज. माझ्या दारात पोचला तो सहसा अडत नाही.

पण आपला खास माल म्हणजे हा पोर्च. आत गाडी धडधडत येते, इथे चाहूलही लागत नाही. हाच तोरा परवा अंगाशी येता येता राहिला.

इथल्या बँकेत नोकरी करणारा श्रीरंग बायकोला, गीताला, घेऊन आईला न्यायला आला होता. सरलाबाई पहिल्यांदाच साताऱ्याहून एकट्या निघालेल्या, कल्याणला लखनौवरून पुढे जाणारी गोरखपूरची गाडी धरलेली. हिंदीचा गंध नाही. फोनवर त्यांनी बजावलं होतं, तुझं तोंड दिसल्याशिवाय डब्यातून उतरायची नाही. गीता आत चला म्हणून मागे लागली होती. श्रीरंग चहा फुंकत म्हणाला, "अगं यार, गाडी काय चोरपावलांनी येणार आहे? आवाज येईलच ना."

गाडी केव्हाच येऊन उभी होती. डब्यातले लोक म्हणत होते, अम्मा, लखनऊ आ गया, उतरिए. सरलाबाई पिशवी मांडीवर घट्ट धरून मान हलवत होत्या. मला दोन्हीकडचं दिसत होतं. ओरडावं, तर माझ्याच भिंतींनी आवाज गिळला असता.

बाहेर माणसांचा लोंढा आला तेव्हा गीताने एकाला विचारलं, "भैया, कौन सी गाड़ी आई?" उत्तर ऐकून ती नवऱ्याकडे न बघताच धावली. खिडकी सापडली. सरलाबाई जागच्या हलेनात, श्रीरंग कुठाय? तो धापा टाकत पोचला तेव्हा भोंगा वाजला होता. दोघांनी हात धरून त्यांना खाली घेतलं आणि गाडी सुटली.

सरलाबाई सरकत्या डब्याच्या दारातल्या माणसांकडे वळून ऐटीत म्हणाल्या, "सांगत नव्हते? येणार म्हणून."

माझ्या पोर्चात खुशाल उभे राहा, कौतुकही करा, मला आवडतं. पण आपलं माणूस यायचं असेल, तर कानावर विसंबू नका. फलाटावर या.