पद्मजाबाईंची खुर्ची

“बाई, त्यो काय म्हंतोय ते आमच्या भाषेत सांगा की,” यशराज मैदानातूनच वैतागून म्हणाला.

अर्जेंटिनाहून आलेला कोच कडेने धावत ‘पासाऽ, पासाऽ’ ओरडत होता. दोरीबाहेरच्या खुर्चीत दुभाषी म्हणून बसलेल्या पद्मजाबाई म्हणाल्या, “चेंडू पुढे द्यावा, असं म्हणताहेत.” पेठेच्या संघातली पोरं फिदीफिदी हसली. मध्यंतराला क्लबचे सेक्रेटरी बाळासो स्पष्टच बोलले, की उद्यापासून बाई नकोत, मोबाइल भाषांतर करतो.

उभं आयुष्य बाईंनी कोल्हापुरात स्पॅनिश शिकवण्यात घालवलं होतं. हितं कोण बोलतंय ते, असं येणारा-जाणारा विचारायचा. बोलणारा खराखुरा माणूस भेटला तो हा पहिलाच, आणि त्याची क्रियापदं पुस्तकातली नव्हती. पुस्तकात ‘पा-सा’ म्हणताना जोर ‘पा’वर. हा गडी तो ‘सा’वर आपटायचा. ‘पळ’ म्हणायला ‘को-र्रे’, त्यातही दणका शेवटालाच. पहिल्या दिवशी बाई रडकुंडीला आल्या होत्या. मग घरी टेबलावर बोटांनी ठेका धरून एकेक शब्द तोडून पाहिला, तेव्हा उमगलं, की ही त्याच्या गावची घरातली बोली आहे.

उत्तरार्धात यशराज एकटाच बॉल घेऊन घुसला. कोच ओरडला, ‘पासाऽ!’ बाईंच्या ओठांवर पुन्हा ‘द्यावा’ आलं होतं. पण हा माणूस परमुलखात येऊन घरच्यासारखा ओरडतोय, आणि आपण आपल्याच गावात पाहुण्यासारखं काय बोलतोय? ज्या घरात ‘व्हय’ म्हटलं तरी डोळे वटारले जायचे, त्या घरातल्या पद्मजाबाई पदर खोचून दोरीखालून आत शिरल्या.

“यशराज, दे की बॉल! दे की!”

त्यांचा ‘की’ कोचच्या ‘सा’इतकाच जोरात आदळला. यशराजने मागे न बघता बॉल दिला आणि गोल झाला. मग कोचच्या ‘कोर्रे’पाठोपाठ बाईंचं ‘पळ की’ सुरू झालं. पोरं आता हसत नव्हती, पळत होती. बाईंना स्वतःचा एवढा अभिमान आजवर कधी वाटला नव्हता.

बाळासोंनी मोबाइल खिशात घातला. बाईंची खुर्ची स्वतः उचलून आणली आणि कोचच्या खुर्चीला लावून ठेवली.

सामना संपेपर्यंत ती रिकामीच होती.